भिंत किती झाली, हे टक्क्याला विचारू नकोस

या आठवड्याचं पत्र गोव्यातल्या डिचोलीहून आलं आहे. लांब आहे, म्हणून थोडं आटोपतं करून देते.

«ताई, स्थापत्य अभियांत्रिकी करून दीड वर्षापूर्वी मी एका ठेकेदाराकडे लागले. आमचं एका दुमजली शाळेच्या इमारतीचं काम चालू आहे. शेठनी मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्ट, म्हणजे कामाचं वेळापत्रक आखायचं सॉफ्टवेअर, घेऊन दिलं आणि दर शनिवारी प्रगती भरायचं काम माझ्याकडे आलं. मी मुकादमकाकांना विचारते, ‘काका, किती झालं?’ ते म्हणतात, ‘अर्धं झालं.’ मी 50 टक्के भरते. गेल्या महिन्यात सगळ्यात वरच्या ओळीत 72 टक्के दिसत होते. शेठनी तो आकडा शाळेच्या समितीला पाठवला. समितीची माणसं आर्किटेक्टना घेऊन आली, तेव्हा वरच्या मजल्याची भिंत खिडकीच्या पायथ्यालाही पोचली नव्हती. शेठ सगळ्यांसमोर म्हणाले, ‘हिचं सॉफ्टवेअर खोटं बोलतं.’ नंतर मी ‘ॲक्च्युअल वर्क’चा रकाना उघडून पाहिला, तर मी कधीच न भरलेले तास तिथे होते. वरच्या मजल्याच्या चिरेकामावर 160 तास लागले असं प्रोजेक्ट सांगतं, हजेरीपटावर 96 आहेत. आणखी एक सांगायचं राहिलं. दर आठवड्याला मी बेसलाइन, म्हणजे मुळात ठरलेल्या तारखांची नोंद, पुन्हा सेट करत होते, कारण तसं केलं की उशिराच्या खुणा जायच्या. आता शेठ म्हणतात, एक्सेलवर ये. मुकादमकाका माझ्याशी धड बोलत नाहीत, मी त्यांच्यावर आळ घेतला असं त्यांना वाटतं. माझं नेमकं कुठे चुकलं?»

बाय, तुझं पत्र वाचून मला माझी पहिली साइट आठवली. किनाऱ्याजवळ एका हॉटेलाचं काम होतं. आमच्या तक्त्यात न्हाणीघरांच्या फरशीचं काम सलग सहा आठवडे 90 टक्क्यांवर उभं होतं. मीच दर शनिवारी ते 90 भरत होते. फरशीवाल्याला विचारायचं, तो ‘थोडंच राहिलंय’ म्हणायचा, आणि मी मागचाच आकडा पुन्हा लिहायची. त्या थोड्यात किती दिवस आहेत हे सहा आठवड्यांत एकदाही माझ्या तोंडून आलं नाही. तुझी चूक आणि माझी चूक एकच आहे, म्हणून तुला ती नीट उलगडून दाखवते.

तू भरलेस ते 50 टक्के कशाचे, इथून सुरुवात करू. ‘पर्सेंट कम्प्लीट’ हा रकाना मुदतीचा आहे. कामाला दिलेल्या दिवसांपैकी किती दिवस गेले, एवढंच तो सांगतो. झालेली मुदत भागिले एकूण मुदत. भिंत किती उंच झाली, किती घाम गाळला, याची त्याला काही कल्पना नसते. घामाचा रकाना वेगळा, त्याचं नाव ‘पर्सेंट वर्क कम्प्लीट’. झालेले तास भागिले एकूण तास. आणि भिंतीचा रकाना तिसराच, ‘फिजिकल पर्सेंट कम्प्लीट’. तो प्रोजेक्ट स्वतः कधीच मोजत नाही, आपण मापून भरायचा. मुकादमकाकांनी तुला भिंतीचं उत्तर दिलं, तू ते दिवसांच्या रकान्यात टाकलंस, आणि प्रोजेक्टने त्यावरून तास काढले. एका वाक्याचे तीन अर्थ झाले आणि तिन्ही चुकले.

तास आपोआप का भरले, ते पाहा. ‘फाइल’मधून ‘ऑप्शन्स’ उघड, त्यात ‘शेड्यूल’. खाली ‘अपडेटिंग टास्क स्टेटस अपडेट्स रिसोर्स स्टेटस’ अशी एक खूण आहे. ती मुळातच लावलेली येते. ती असली की तू टक्के भरताक्षणी प्रोजेक्ट धरून चालतं की काम अगदी ठरल्याप्रमाणे झालं. ठरलेली माणसं आली, ठरलेले तास राबली, ठरलेल्या दिवशी सुरू झालं. तुझ्या चिरेकामाला मुदत 10 दिवस होती. गवंड्यांची टोळी चार जणांची, म्हणजे प्रोजेक्टच्या भाषेत 400 टक्के (एक माणूस म्हणजे 100), रोज 32 तास, एकूण 320. तू 50 टाकलंस, त्याने 160 तास लिहिले. पत्रासोबत तू हजेरीपटाचा फोटो पाठवलास ते फार बरं केलंस. सोमवारी चिऱ्यांचा ट्रकच आला नाही, काम मंगळवारी लागलं. मंगळवारी तीन माणसं, बुधवारी दोन, गुरुवारी चार, शुक्रवारी पावसाने एकच, शनिवारी दोन. बारा हजेऱ्या, 96 तास. आता तुझी फाइल पाहा, तिथे ‘ॲक्च्युअल स्टार्ट’ सोमवारचा आहे. नुसते टक्के भरले की सुरुवातीची तारीखसुद्धा तो नियोजनातलीच उचलतो. जो दिवस ट्रकची वाट पाहण्यात गेला, तो तुझ्या फाइलमध्ये चार गवंडी राबल्याचा दिवस झाला.

खर्चाचंही तेच. मजुरीचा दर भरलेला असेल तर ‘ॲक्च्युअल कॉस्ट’ याच तासांवरून निघते. एका हजेरीचे 800 रुपये धर. 64 तास जास्त, म्हणजे आठ हजेऱ्या, म्हणजे कोणालाच न दिलेले 6,400 रुपये एकट्या या कामावर खर्ची पडलेले दिसतात. शेठना उद्या हिशेब जुळवायचा झाला तर ते तुलाच विचारतील.

ती खूण काढून टाकावी का, असा मोह होईल. काढू नकोस. काढलीस तर टक्के एकीकडे आणि तास दुसरीकडे, अशी दोन वेगळी खाती सुरू होतात. दोन्ही इमानाने भरणारा माणूस मी फार क्वचित पाहिला आहे. त्यापेक्षा टक्के टाइप करायचंच सोड. तास भर, उरलेलं काम भर, टक्के त्याला काढू दे.

हेच तुझ्या चिरेकामावर करून पाहू. आधी फाइलची एक प्रत ठेव. मग त्या कामाचे टक्के शून्य कर, म्हणजे खोटे तास पुसले जातील. ‘ॲक्च्युअल स्टार्ट’मध्ये मंगळवारची तारीख घाल. नंतर ‘टास्क युसेज’ हा व्ह्यू उघड. डावीकडे काम आणि त्याखाली टोळी दिसेल, उजवीकडे दिवसांचे चौकोन. उजव्या बाजूला राइट क्लिक करून ‘ॲक्च्युअल वर्क’ची ओळ दिसू दे. टोळीच्या ओळीत मंगळवारी 24, बुधवारी 16, गुरुवारी 32, शुक्रवारी 8, शनिवारी 16. हजेरीपट शेजारी ठेवून भर. बेरीज 96. ज्या दिवशी तास कमी पडले ते तास प्रोजेक्ट आपोआप पुढे ढकलतं, आणि ‘रिमेनिंग वर्क’मध्ये 224 दिसू लागतात.

बहुतेक जण इथे थांबतात. पण 224 ही वजाबाकी आहे, 320 वजा 96. भिंतीकडे कोणी पाहिलेलं नाही. म्हणून आता मापाची टेप घेऊन वर जायचं. तुझ्या नकाशाप्रमाणे वरच्या मजल्यावर 120 चौरस मीटर चिरेकाम आहे. तू लिहितेस त्याप्रमाणे शनिवारी संध्याकाळी 30 चौरस मीटर झालं होतं. म्हणजे चौरस मीटरला 3.2 तास लागले. नियोजनात तू 320 भागिले 120, म्हणजे पावणेतीन तासांहून थोडे कमी धरले होतेस. उरलेले 90 चौरस मीटर याच गतीने गेले तर 288 तास लागतील. ‘रिमेनिंग वर्क’मध्ये 224 खोडून 288 लिही. काम ‘फिक्स्ड युनिट्स’ प्रकारचं, म्हणजे माणसांची संख्या कायम धरणारं असेल, आणि तू बदललं नसशील तर ते तसंच असेल, तर 288 भागिले 32, आणखी नऊ दिवस. झालेले पाच धरून चौदा. तुझं कॅलेंडर सोमवार ते शनिवार असेल तर काम दुसऱ्या आठवड्याच्या गुरुवारऐवजी तिसऱ्या आठवड्याच्या बुधवारी संपेल. पाच दिवसांचा उशीर, त्यातला एक ट्रकचा आणि चार माणसं कमी पडल्याचे व गती मंद असल्याचे.

आता टक्के पाहा. ‘पर्सेंट कम्प्लीट’ 36, कारण चौदातले पाच दिवस गेले. ‘पर्सेंट वर्क कम्प्लीट’ 25, कारण 384 तासांतले 96 झाले. आणि भिंत 120 पैकी 30, तीही 25. तास आणि भिंत जुळले, कारण तू उरलेलं काम भिंतीवरून काढलंस. आठवडाभर जे 50 तू घेऊन फिरत होतीस, ते यातल्या कुठल्याच आकड्याच्या जवळपास नाही.

हे 288 सुद्धा थोडं कमीच वाटतं मला. खालचे थर जमिनीवर उभं राहून लागतात. छातीच्या वर गेलं की परांची बांधा, चिरे वर चढवा, खिडक्यांवर लिंटल घाला, गती पडतेच. ती किती पडेल हे मी इथे बसून सांगू शकत नाही, तूही ऑफिसात बसून सांगू शकत नाहीस. ते मुकादमकाका सांगतील.

त्यांच्याबद्दल तू लिहिलंस ते मला जास्त लागलं. बाय, त्यांनी तुला खोटं सांगितलं नाही. गवंडी ‘अर्धं झालं’ म्हणतो तेव्हा त्याच्या डोळ्यांसमोर कोपरे असतात. कोपरे ओळंब्यात उभे राहिले, दोरी ताणली, पहिले थर पातळीत बसले की त्याच्या लेखी अवघड काम संपलं. पुढचं म्हणजे दोरीला धरून चिरा ठेवत जाणं. कसबाच्या हिशेबाने खरंच अर्धं झालं होतं. तू त्यांना कसब विचारलंस आणि उत्तर तासांत लिहिलंस. प्रश्न बदल.

‘किती झालं’ हा प्रश्न सोडूनच दे. शनिवारी साडेपाचला, काम थांबायच्या आधी, त्यांच्याबरोबर भिंतीजवळ उभी राहा. विचार, ‘काका, संपायला अजून किती दिवस धरू? सोमवारी किती माणसं येणार? चिरे किती दिवस पुरतील?’ तिन्ही प्रश्न पुढचे आहेत. झालेल्याचा जाब कोणी मागत नाही, त्यामुळे माणूस आकसत नाही. आणि या प्रश्नांना तो टक्क्यांत उत्तर देऊच शकत नाही. ‘बारा दिवस तरी लागतील बाय, तिघेच आहेत’ असं काहीतरी येईल. तो आकडा तुझ्या नऊशी पडताळून पाहा. तिघांचे बारा दिवस म्हणजे 288 तासच, तेव्हा कामाच्या मोजणीत तुमचं एकमत आहे, फरक फक्त माणसांच्या संख्येचा. मग शेठकडे ‘चौथा गवंडी द्या, नाहीतर तीन दिवस आणखी द्या’ असं बोलता येतं.

माझ्या त्या हॉटेलच्या साइटवर एक म्हातारे मेस्त्री होते. रोज काम थांबवताना शेवटच्या थरावर खडूने तारीख लिहायचे. महिनाअखेर भिंतीवर तारखांची शिडीच उभी राहायची. कुठल्या दिवशी दोन थर चढले, कुठल्या दिवशी अर्धाच, पावसाचा दिवस कुठला, सगळं गिलावा होईपर्यंत भिंतीवर वाचता यायचं. आमच्या संगणकातल्या 90 पेक्षा ती भिंत जास्त खरी होती. तू काकांना खडूचा डबा नेऊन दे आणि तारीख त्यांच्याच हाताने लिहू दे. तू फक्त फोटो काढ. आणि आधी त्यांना सांग, की आकडा चुकला तो तुझ्या रकान्यामुळे. सगळ्यांसमोर झालं होतं, तर हेही टोळीसमोरच सांग.

आता ते 72 टक्के. त्याचं कोडं तुझ्या फाइलच्या वरच्याच ओळींत आहे. नगरनियोजन खातं आणि पंचायतीच्या परवानग्यांना तू 120 दिवस दिलेस, ते पूर्ण. नकाशे, निविदा, सामानाच्या ऑर्डरी, सगळं पूर्ण. यांत दिवस भरपूर आणि साइटवरचे तास शून्य. वरची गोळाबेरीज करताना प्रोजेक्ट खालच्या कामांच्या झालेल्या मुदती एकत्र करतं आणि एकूण मुदतींच्या बेरजेने भागतं. कागदांचे दिवस त्यात चिऱ्यांच्या दिवसांइतकेच मोलाचे धरले जातात. म्हणून भिंत नसताना 72.

हेच उलटंही होतं, आणि ते तुझ्या पुढच्या महिन्यात येणारच आहे. छताचा स्लॅब घे. सेंटरिंग, म्हणजे साचा आणि टेकू, सहा दिवस आठ माणसं, सळई पाच दिवस सहा माणसं, काँक्रीट एक दिवस चोवीस माणसं, आणि नंतर चौदा दिवस क्युअरिंग, एक माणूस रोज दोन तास पाणी मारणार. ज्या संध्याकाळी स्लॅब पडेल त्या संध्याकाळी सव्वीसपैकी बारा दिवस झालेले असतील. प्रोजेक्ट म्हणेल, 46 टक्के. तास मोज. 384, 240 आणि 192 झाले, फक्त 28 राहिले. 844 पैकी 816, म्हणजे 97 टक्के. रात्री दहापर्यंत उभं राहून टोळीने स्लॅब ओतला आणि शेठच्या फोनवर 46 दिसलं, तर तेव्हाही तेच वाक्य ऐकावं लागेल तुला. म्हणून ‘पर्सेंट वर्क कम्प्लीट’चा रकाना आजच शेजारी आण. शेठना दाखवायच्या तक्त्यात पहिला रकाना तो असू दे.

पण 97 टक्के झालं म्हणून क्युअरिंगचे दिवस कोणाला कापू देऊ नकोस. आयएस 456 हे काँक्रीटचं भारतीय मानक साध्या सिमेंटला किमान 7 दिवस ओलं ठेवायला सांगतं, मिश्र सिमेंटला किमान 10 आणि शक्यतो 14. काँक्रीटला रविवार नसतो, तेव्हा त्या कामाला सातही दिवसांचं वेगळं कॅलेंडर लाव.

कॅलेंडरवरून आठवलं. प्रोजेक्टचं मूळ ‘स्टँडर्ड’ कॅलेंडर सोमवार ते शुक्रवार, रोज आठ तास, सुट्टी एकही नाही असं येतं. तू शनिवार चालू केला आहेसच, आठवड्याचे तास 40 चे 48 करायला विसरू नकोस. 3 डिसेंबरचं जुन्या गोव्याचं फेस्त, 19 डिसेंबरचा मुक्तिदिन आणि तुमच्या साइटवर पाळल्या जाणाऱ्या बाकीच्या सुट्ट्या घाल. चवथीला कागदावर सुट्टी असते त्याहून जास्त दिवस साइट थंड असते, हे तुला मी सांगायला नको, तेवढे दिवस प्रामाणिकपणे बंद दाखव. टोळी गावाला जाणार असेल तर ती सुट्टी टोळीच्या, म्हणजे रिसोर्सच्या कॅलेंडरमध्ये जाते, सगळ्या प्रोजेक्टच्या नाही. पावसाळ्यात उघड्यावरच्या कामांना वेगळं कॅलेंडर करून आठवड्याचे दिवस कमी धर. जूनच्या आधी चिरे साइटवर रचून ठेवायचं काम तक्त्यात स्वतंत्र ओळीने दिसू दे. चिरेखाणीत पाणी भरलं की ट्रक कुठून येणार?

बेसलाइनबद्दल मात्र जरा कडक बोलते. उशिराच्या खुणा पुसायला बेसलाइन पुन्हा सेट करणं म्हणजे उसनवारीच्या वहीत दर शनिवारी नवीन तारीख घालणं. तू ते फसवण्यासाठी केलं नाहीस हे कळतं, तक्ता लालभडक दिसला की कोणालाही धडधडतं. पण बेसलाइन ही शेठनी समितीला दिलेल्या शब्दाची नोंद आहे, ती बदलायचा अधिकार तुझा नाही. पहिली फाइल जुन्या ईमेलमध्ये सापडते का बघ. सापडली तर त्या तारखा परत आण. प्रोजेक्टमध्ये बेसलाइनच्या अकरा जागा असतात, मूळ एक आणि 1 ते 10 क्रमांकाच्या. मूळ जागेला हात लावायचा नाही. शेठ आणि समिती नवीन तारखांना हो म्हणाले, की तो नवा शब्द ‘बेसलाइन 1’मध्ये, तारीख लिहून. मग ‘ट्रॅकिंग गँट’ उघडलंस की कामाच्या पट्टीखाली करड्या रंगात जुनी पट्टी दिसेल. दोन्हींतलं अंतर हाच तुझा खरा अहवाल.

शनिवारी भरताना ‘स्टेटस डेट’, म्हणजे प्रगती कुठल्या दिवसापर्यंतची ते सांगणारी तारीख, शनिवारची घाल. नाही घातलीस तर प्रोजेक्ट आजची तारीख धरतं, आणि तू सोमवारी भरायला बसलीस तर एक दिवस इकडचा तिकडे होतो. तास भरून झाल्यावर मागच्या तारखांत अडकलेलं काम दिसेल, म्हणजे जे व्हायचं होतं आणि झालं नाही. ‘अपडेट प्रोजेक्ट’मध्ये उरलेलं काम स्टेटस डेटनंतर ढकलायची सोय आहे, ती वापर. गेलेल्या बुधवारी आता कोणी गवंडी काम करू शकत नाही. फक्त एक ध्यानात ठेव, जे काम मुळात सुरूच झालेलं नाही त्याला ही सोय ‘या तारखेआधी सुरू नको’ असं बंधन लावते. ती बंधनं साठत जातात. महिन्यातून एकदा बघून नको असलेली काढ. ‘मार्क ऑन ट्रॅक’ नावाचं बटण आहे, त्यापासून लांब राहा. ते सगळं ठरल्याप्रमाणे झालं असं भरून टाकतं, म्हणजे तुझा तो 50 टक्क्यांचा घोळ एका क्लिकमध्ये. आणि कामाच्या नावाशेजारी टाचणी दिसत असेल तर ते काम हाताने ठरवलेलं, ‘मॅन्युअली शेड्यूल्ड’ आहे. 2010 च्या आवृत्तीपासून नवीन कामं मुळातच तशी येतात. चिरेकाम लांबलं तरी टाचणीचा गिलावा आपल्या जागेवरून हलणार नाही, आणि शेवटची तारीख साजरीच राहील. सगळी ‘ऑटो’वर घे.

तू म्हणशील, माझ्या फाइलमध्ये 140 ओळी आहेत, एवढं कधी करू? सगळ्यांना करू नकोस. ज्यांच्यावर शेवटची तारीख अवलंबून आहे आणि ज्यांत माणसं जास्त लागतात अशी पंधरा-वीस कामं निवड. चिरेकाम, सेंटरिंग, सळई, गिलावा, फरशी. त्यांचे तास हजेरीपटावरून रोजचे रोज. बाकी नळ, वायरिंग, दारं-खिडक्या अशा आठवड्याच्या आतल्या कामांना साधा नियम लाव, सुरू झालं की 50, संपलं की 100, मधला आकडाच नाही. आठवड्याहून मोठं असेल तर त्याचे तुकडे कर. ‘वरच्या मजल्याचं चिरेकाम’ एका ओळीत ठेवण्यापेक्षा वर्गाप्रमाणे चार ओळी कर, भिंतीकडे पाहून कोणालाही झालं-नाही झालं सांगता येईल.

हजेरीपटात एक रकाना वाढव, ‘कुठल्या कामावर’. हे सगळं त्या एका रकान्यावर उभं आहे. मुकादम माणसं मोजतात, पण दुपारनंतर दोन गवंडी खाली जिन्याकडे गेले ते कुठे लिहिलेलं नसतं. अर्धा दिवस इथे, अर्धा तिथे, एवढं नोंदवलं तरी पुरे. मिनिटामिनिटाचा हिशेब मागू नकोस, तो कोणी खरा देत नाही.

शेठना काय सांगायचं? एक्सेलवर जाऊन काही सुधारणार नाही, तिथेही तू 50 च लिहिशील. हजेरीपट आणि मापवही एक्सेलमध्ये ठेव, त्याला ते चांगलं आहे. पण चिरेकाम पाच दिवस लांबलं तर गिलावा, वायरिंग आणि शेवटी शाळेचा पहिला दिवस किती सरकतो, ते एक्सेल आपणहून सांगत नाही. शेठकडे जाताना तीन ओळींचा कागद ने. वरच्या मजल्याचं चिरेकाम 120 पैकी 30 चौरस मीटर. उरलेले तास 288, चार गवंडी रोज असतील तर नऊ दिवस, तीन असतील तर बारा. इमारत ताब्यात द्यायची तारीख मूळ अमुक, आजच्या हिशेबाने तमुक. त्यात टक्के नकोत. त्यांनी ‘पण टक्के किती?’ विचारलंच, आणि ते विचारतील, तर कामाचे टक्के सांग आणि कशाचे ते लगेच जोड, ‘तासांच्या हिशेबाने 25’. समितीला जे 72 गेले त्याबद्दलही त्यांनीच एक ओळ पाठवायला हवी, की त्यात परवानग्या आणि ऑर्डरींचे दिवस धरले होते. ती ओळ तू लिहून दे, सही त्यांची.

येत्या शनिवारी एवढंच कर. चिरेकामाची ती एक ओळ दुरुस्त कर, बाकीच्या 139 राहू देत. काकांबरोबर भिंतीपाशी उभी राहून विचार आणि ते म्हणतील ते दिवस आणि माणसं यांचे तास करून ‘रिमेनिंग वर्क’मध्ये त्यांच्यासमोर भर. नऊ म्हणाले की बारा, ते मला पुढच्या पत्रात लिहून कळव.